इंग्रजीतलं एक ‘सी’ आणि हंगेरियनची दोन रूपं

फोनमध्ये भाषांतराचं अ‍ॅप असलं की कोणतीही भाषा आपलीच, असा प्रचार हल्ली जोरात चालतो. त्यामागे एक जुना गैरसमज आहे: क्रियापदं सगळीकडे तीच, फक्त शब्द वेगळे. तो तपासायला इंग्रजीतलं ‘सी’ (see), म्हणजे दिसणं किंवा पाहणं, हे साधं क्रियापद हंगेरियनमध्ये नेऊन पाहू.

नेहमीचा प्रतिशब्द ‘लात’. काही अर्थ त्यात बसतच नाहीत. समोरच्याचं म्हणणं लक्षात आलं की इंग्रज ‘आय सी’ म्हणतो, हंगेरियन माणूस ‘एर्तेम’, म्हणजे ‘समजलं’, म्हणतो. डॉक्टरला ‘सी’ करायचं तर ‘डॉक्टरकडे जातो’ म्हणायचं, मराठीसारखंच. एवढं शब्दकोशात मिळतं. खरी मौज आहे ती प्रत्ययांत.

‘मला एक घर दिसतंय’: लातोक एद्य हाजॉत. ‘मला ते घर दिसतंय’: लातोम ऑ हाजॉत. कर्ता तोच, काळ तोच, तरी ‘लातोक’चं ‘लातोम’ झालं, कारण कर्म आता निश्चित आहे. हंगेरियनमध्ये सकर्मक क्रियापदं अशी दोन प्रकारे चालतात, अनिश्चित आणि निश्चित. त्यामुळे कर्म गाळलं तरी चालतं. नुसतं ‘लातोक’ म्हणजे ‘मला दिसतं’, डोळे शाबूत आहेत. नुसतं ‘लातोम’ म्हणजे ‘मला ते दिसतंय’.

क्रियापदानं कर्माकडे बघून बदलावं हे आपल्याला नवं नाही. ‘मी लेख वाचला’, ‘मी कादंबरी वाचली’. फरक असा की आपण कर्माचं लिंग आणि वचन बघतो, हंगेरियन निश्चितता बघते. शिवाय ‘मी त्या मुलीला पाहिलं’ म्हणताना ‘ला’ लागला की आपलं क्रियापद कर्माशी जुळणं सोडून देतं. हंगेरियनमध्ये उलट, कर्म निश्चित झालं की जुळणी सुरू होते.

निश्चित म्हणजे नेमकं काय, हे व्याकरण ठरवतं. ‘तुला काय दिसतंय?’ हा प्रश्न अनिश्चित, ‘तुला कोणतं घर दिसतंय?’ हा निश्चित. ‘पाऊस पडतोय हे मला दिसतंय’ यात अख्खं वाक्यच कर्म आहे, आणि तेही निश्चित. पण ‘त्याला मी दिसतो’ म्हणताना रूप अनिश्चित: लात एंगेम. बोलणाऱ्यापेक्षा निश्चित दुसरं काय असणार? तरीही ‘मी’ आणि ‘तू’ कर्म असताना निश्चित रूप येत नाही. हे प्रत्यय मुळात ‘तो, ती, ते’ अशा तृतीय पुरुषी सर्वनामातून घडले असं बरेच अभ्यासक मानतात. ते खरं असेल तर ‘मी’ आणि ‘तू’ बाहेर का राहिले याचा उलगडा होतो.

सैबेरियातल्या खांती आणि मान्सी या भाषांतही क्रियापद असंच कर्माची दखल घेतं, आणि त्या हंगेरियनच्या सर्वांत जवळच्या नातलग मानल्या जातात. भाषांचं नातं असं, रचनेत आणि नियमित ध्वनिबदलांत शोधायचं असतं. शॉय्नोविच या हंगेरियन अभ्यासकानं १७७० मध्येच हंगेरियनचं उत्तर युरोपातल्या सामी भाषेशी नातं दाखवलं होतं. तरी हंगेरियन ही प्राचीन मेसोपोटेमियातल्या सुमेरियनमधून निघाली असं सांगणारे आजही आहेत, जसे आपल्याकडे जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतमधून काढणारे मेसेज फिरतात. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून नातं सिद्ध होत नाही. हंगेरियनांचे पूर्वज शोधायला आशियात आलेले हंगेरियन अभ्यासक कोरोशी चोमा १८४२ मध्ये दार्जिलिंगला वारले. ते नातलग त्यांना सापडले नाहीत, पण १८३४ मध्ये कलकत्त्यात छापलेला त्यांचा तिबेटी–इंग्रजी कोश ही फार मोठी कमाई आहे.

आता ‘आय सी यू’. इथे तिसरंच रूप लागतं: ‘लातलॉक’. पाहणारा मी आणि दिसणारा तू, दोघंही एका शब्दात. हे रूप फक्त कर्ता ‘मी’ असतानाच येतं, तेही अरेतुरेच्या नात्यात. आदरार्थी ‘ओन’ व्याकरणात तृतीय पुरुषी आहे, म्हणून साहेबांना ‘लातोम ओन्त’ म्हणावं लागतं. इंग्रजी वाक्यात ही माहितीच नसते. ती अ‍ॅपनं अंदाजानं भरली तर उत्तर शुद्ध असूनही चुकीच्या माणसाला उद्देशून असू शकतं.

आणि हेच वाक्य भूतकाळात नेलं की ‘मी एक घर पाहिलं’ आणि ‘मी ते घर पाहिलं’ या दोन्हींना एकच रूप उरतं: ‘लात्तॉम’. ‘मी’चे दोन्ही प्रत्यय तिथे एकसारखे आहेत. ‘तू’ आणि ‘तो’ म्हटलं की फरक पुन्हा हजर.