नर्व्हस आणि सॅड: एक धाकधूक, दुसरी उदासी

माझी भाची इथेच नागपुरात, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. मागच्या उन्हाळ्यात तिची वडिलांकडची आजी गेली. तेरवी झाल्यावर कामावर रुजू होताना तिनं बंगळुरूच्या साहेबांना लिहिलं, 'आय ॲम स्टिल व्हेरी नर्व्हस.' लगेच उत्तर आलं, 'डोन्ट वरी, यू विल डू वेल.' संध्याकाळी तिचा फोन. "मामा, मी इथं रडून राहिली अन् सर म्हणतात घाबरू नको!"

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. 'तो आज नर्व्हस दिसतो' असं आपण मराठीत म्हणतो, तेव्हा त्याचं तोंड उतरलंय, कशात मन लागत नाहीये, असं सांगायचं असतं. इंग्रजीत मात्र नर्व्हस म्हणजे धाकधूक. पुढे मुलाखत आहे, भाषण आहे, ऑपरेशन आहे, म्हणून तळहाताला घाम सुटलाय, पोटात गोळा आलाय. सॅड म्हणजे उदास, दुःखी, आणि ते बहुतेक वेळा घडून गेलेल्या गोष्टीचं.

बारावीचा निकाल आठवा. एकला लागणार असेल तर पावणेएकला पोरगं नर्व्हस असतं. एकदा कमी मार्क दिसले की धाकधूक संपली. आता ते सॅड आहे. खरं तर डिसअपॉइंटेड, कारण आशा होती आणि हिरमोड झाला. आपण 'नर्व्हस झाला' म्हणतो तिथे पुष्कळदा हाच शब्द हवा असतो.

अँक्शस हा नर्व्हसच्या जवळचा, पण जास्त रेंगाळणारा. समोर ठरावीक प्रसंग नसतानाही ती काळजी मनात घर करून राहते.

या शब्दांचे जुने अर्थ मला फार आवडतात. नर्व्हस एके काळी इंग्रजीत पिळदार, दणकट माणसाला म्हणत, कारण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ स्नायूची दोरी. आणि सॅड म्हणजे चक्क तृप्त, पोट भरलेला! तिथून तो जड, मग गंभीर आणि शेवटी दुःखी झाला.

भाचीनं विचारलं, "मंग काय लिहू, सॅड?" सॅड बरोबरच होतं. पण तिला आजीची आठवण येत होती, म्हणून मी सांगितलं, "आय मिस माय ग्रँडमदर." तिनं तेवढंच लिहून पाठवलं.