चित्रा दोन अंश सरकली कशी?

इ.स.पूर्व तिसऱ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियातल्या टिमोखारिस या खगोलज्ञाने चित्रा ताऱ्याची जागा नोंदवून ठेवली: शरद संपाताच्या आठ अंश अलीकडे. (सप्टेंबरात दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य आकाशात जिथे असतो, तो शरद संपात.) सुमारे दीडशे वर्षांनी ग्रीक खगोलज्ञ हिप्पार्कसने तेच अंतर काढले, तर ते सहा अंश भरले. दोन अंशांत चार पूर्णचंद्र ओळीने मावतात. आधीच्या माणसाने एवढी चूक केली, असे म्हणून तो मोकळा झाला असता. त्याऐवजी त्याने जुन्या नोंदीवर विश्वास ठेवला आणि संपातबिंदूच सरकतो, असा निष्कर्ष काढला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, म्हणून हे संपातचलन घडते. वेग साधारण ७२ वर्षांना एक अंश.

हिप्पार्कसने स्वतःही ताऱ्यांची यादी केली, पण ती हरवली. हाती राहिली ती इ.स. १५०च्या सुमाराची, अलेक्झांड्रियातल्या खगोलज्ञ टॉलेमीची: हजारावर तारे, ४८ तारकासमूह, तेजस्वितेच्या सहा पायऱ्या. नावे मात्र तिच्यात मोजकीच. बहुतेक तारे पत्त्यावरून ओळखायचे: वृषभाचा डोळा, हंसाची शेपटी. यादी अरबीत गेली, ९६४च्या सुमारास खगोलज्ञ अल-सूफीने ती पडताळून सुधारली, आणि पुढे युरोपात लॅटिनमध्ये उतरताना अरबी पत्त्यांचीच नावे झाली. देनेब म्हणजे नुसती ‘शेपटी’! आकाशात शेपटीवाले पुष्कळ, म्हणून सिंहाचा देनेबोला वेगळा, मकरेचा देनेब अल्गेडी वेगळा. १६०३मध्ये जर्मनीच्या बायरने ताऱ्यांना ग्रीक अक्षरे दिली, तेव्हा कुठे जरा शिस्त आली.

आपल्याकडे सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात प्रत्येक नक्षत्राच्या योगताऱ्याचे, म्हणजे मुख्य ताऱ्याचे, राशिचक्राच्या आरंभापासूनचे अंश दिलेत. चित्रेचे १८०, रेवतीचे जवळपास शून्य. पण रेवतीचा म्हणून जो तारा धरतात, त्याच्यापासून चित्रा प्रत्यक्षात १८० नव्हे, सुमारे १८४ अंशांवर आहे. मग राशिचक्राचा आरंभबिंदू ठरवताना खरे कुणाचे मानायचे, चित्रेचे १८० की रेवतीचे शून्य? चित्रा पक्ष आणि रेवती पक्ष हा वाद इथलाच. रेवती पक्षाच्या टिळक पंचांगात मकरसंक्रांत इतरांपेक्षा चारेक दिवस आधी येते, ती या चार अंशांमुळे.

जुन्या आकड्यांनी आणखी एक गोष्ट उघड केली. १७१८मध्ये इंग्रज खगोलज्ञ एडमंड हॅलीने ग्रीकांच्या नोंदी आपल्या काळच्या मापांशी ताडून पाहिल्या. संपातचलन वजा करूनही व्याध आणि स्वाती जागेवर सापडेनात. स्वाती तर एका अंशाहून जास्त हटला होता. ‘स्थिर’ तारे स्वतःही चालतात, हे तिथे पहिल्यांदा कळले.

टॉलेमीवर मात्र एक आरोप शतकानुशतके आहे: त्याने हिप्पार्कसची यादी उचलली आणि संपातचलनापोटी सर्व ताऱ्यांत सारखेच अंश मिळवले. २०२२मध्ये इजिप्तमधल्या सिनाईच्या मठातून आलेल्या एका चर्मपत्रावर, खरवडून पुन्हा लिहिलेल्या मजकुराखाली, विशिष्ट प्रकाशातल्या छायाचित्रांनी उत्तर मुकुट तारकासमूहाचे जुने आकडे दिसले. ते इ.स.पूर्व १२९च्या आसपासच्या आकाशाशी जुळतात, म्हणजे बहुधा हिप्पार्कसचेच. आणि टॉलेमीच्या आकड्यांशी ते तंतोतंत जुळत नाहीत. निदान या तारकासमूहापुरती तरी त्याच्यावरची सरसकट नकलेची तक्रार टिकत नाही.