कॉलर आयडी आणि प्रायव्हसी

कॉलर आयडी म्हणजे फोन उचलायच्या आधीच समोरच्याचा नंबर, आणि हल्ली नावपण, स्क्रीनवर दिसणं. सोय मोठी आहे, पण भांडण जुनंच आहे, उचलणाऱ्याला वाटतं कोण बोलतंय ते आधी कळायला हवं आणि करणाऱ्याला वाटतं माझा नंबर मी का म्हणून देऊ.

१९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लँडलाइनवर ही सोय आली तेव्हाच यावरून वाद झाले, कारण मारकुट्या नवऱ्यापासून पळालेली बाई फोन करेल तर तिचा ठावठिकाणा कळेल. तिथे स्टार ६७ दाबून नंबर लपवायची सोय मिळाली. आपल्याकडे असं लपवणं सर्वसामान्यांना मिळत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत लँडलाइनचा कोड मुंबईचाच, ०२२, त्यामुळे कोडवरून नौपाडा की वाशी काही कळायचं नाही. मोबाइलच्या नंबरवरून तर गावही कळत नाही, म्हणून मग अनोळखी नंबरचं नाव दाखवणारं ट्रूकॉलर ॲप. ही २००९ ची स्वीडनची कंपनी, आणि त्यात दिसणारी नावं बऱ्याचदा इतर लोकांनीच दिलेली असतात. खरी गोम इथे आहे! घणसोलीत एखाद्याने वर्षभर रूम भाड्याने लावून द्यायचं काम केलं आणि आता तो ऐरोलीत आयटीत आहे, तरी इंटरव्ह्यूच्या फोनवर समोरच्याला 'ब्रोकर घणसोली' दिसू शकतं, त्याने स्वतः ॲप टाकलेलंही नसेल. नाव काढून टाकायची सोय आहे, पण आपलं नाव तिथे आहे हे आधी कळायला तर हवं.

यावर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, फेब्रुवारी २०२४ मध्ये सीएनएपीची (कॉलिंग नेम प्रेझेंटेशन) शिफारस केली, म्हणजे सिम घेताना फॉर्मवर जे नाव दिलं तेच समोर दिसणार. फसवणुकीला आळा बसेल हे ठीक, पण आपल्याकडे कित्येक बायकांचं सिम नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या नावावर असतं. शिवाय ज्यांचं स्वतःच्या नावावर आहे त्यांचं पूर्ण नाव अनोळखी माणसापर्यंत जाणार ते वेगळंच. (त्यात नंबरही खरा असेलच असं नाही, परदेशातून भारतीय नंबर दाखवून येणारे कॉल अडवायला सरकारला ऑक्टोबर २०२४ मध्ये वेगळी यंत्रणा सुरू करावी लागली.)

टॅक्सी आणि डिलिव्हरीची ॲप मध्ये तिसराच एक नंबर वापरून दोघांचे नंबर झाकतात, ते बरं. पण घरून पोळीभाजीचे डबे देणाऱ्या बाईला असं मधलं कोणी नसतं, तिचा नंबर घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, म्हणून मग ती धंद्याला वेगळं सिम घेते. तेही आधार दाखवून त्याच नावाने घेतलेलं, त्यामुळे सीएनएपीत दोन्ही नंबरांवर नाव एकच दिसणार.