नळीखालची नळी

नेमबाजीच्या रेंजवरच्या लाकडी टेबलापाशी शेजाऱ्याने रायफलीचा लिव्हर, म्हणजे चापाभोवतीची खाली ओढायची कडी, उघडला, आत बोट घालून रायफल रिकामी असल्याची खात्री केली, मलाही करायला लावली आणि मगच ती माझ्या हातात दिली. अमेरिकेत, डेन्व्हरच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीतली ही रेंज. रायफलीचं वजन साडेतीन किलोच्या आसपास. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हाताच्या घामाने काळपट पडलेला. मार्लिन १८९५. नाव १८९५चं असलं तरी ही रायफल १९७०च्या दशकातली. मूळ मॉडेल पहिल्या महायुद्धाच्या काळात बंद पडलं आणि कंपनीने १९७२ साली ते त्याच नावाने पुन्हा आणलं.

समोरून पाहिलं तर एकाखाली एक दोन नळ्या. वरचीचं तोंड साडेअकरा मिलिमीटरचं, करंगळी शिरेल की काय असं वाटावं इतकं. खालची पुढून बंद. वरच्या नळीतून गोळी सुटते हे सांगायला नको. पण या जातीच्या रायफलींचा सगळा स्वभाव खालच्या नळीने घडवलाय, असं माझं मत त्या सकाळी झालं आणि अजून बदललेलं नाही.

खालची नळी म्हणजे मॅगझिन. तिच्यात काडतुसं एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी झोपलेली असतात आणि पुढची लांब स्प्रिंग त्यांना मागे रेटत असते. १८६०च्या हेन्री रायफलीत अशी १६ काडतुसं मावत. ज्या काळात सैनिक एकेक बार नळीत ठासून भरत होते, त्या काळात ही चैनच होती. पण ती काडतुसं लहान, पिस्तुलाला शोभतील अशी. अस्वल किंवा एल्क हे मोठं हरीण पाडायला त्यांचा भरवसा नव्हता.

मोठं काडतूस अमेरिकन सैन्याकडे होतं. १८७३ साली स्वीकारलेलं ४५-७०. या आकड्यांचा अर्थ सरळ आहे: गोळीचा व्यास इंचाचे ४५ शतांश, दारू ७० ग्रेन. ग्रेन हे धान्याच्या दाण्यावरून आलेलं माप, आपल्या सोनारांच्या गुंजेसारखंच. ७० ग्रेन म्हणजे साडेचार ग्रॅम काळी दारू. गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅम. जुन्या तोळ्यात मोजलं तर सव्वादोन तोळे शिसं! घोडदळाच्या आखूड बंदुकांसाठी दारू ५५ ग्रेनवर आणली होती, कारण पुरत्या दारूचा दणका हलक्या बंदुकीतून सोसवत नसे.

हे लांबडं काडतूस नळीच्या मॅगझिनमधून खेळवायचं तर पेटी, म्हणजे नळीमागचा यंत्राचा डबा, लांब हवी आणि बार होताना तो बंद ठेवणारं कुलूप भक्कम हवं. विंचेस्टर या दुसऱ्या कंपनीच्या तोवरच्या रायफलींत गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा होता. तो लहान काडतुसांना पुरे, या मोठ्यासमोर लटपटणारा. १८८१ साली मार्लिनने हे काडतूस पचवणारी रायफल काढली आणि १८८६ साली विंचेस्टरने जॉन ब्राउनिंग या बंदूककाराची रचना बाजारात आणली. ब्राउनिंगने सांधा काढून टाकला. त्याऐवजी पोलादाचे दोन उभे ठोकळे बसवले, जे लिव्हर मिटताना वर सरकून बोल्टच्या, म्हणजे काडतुसामागच्या पोलादी दट्ट्याच्या, दोन्ही अंगांच्या खाचांत बसतात. वाड्याच्या दिंडी दरवाजाला आतून अडसर घालावा तसे.

अडसर कशाला हवा, त्याचा हिशेब सोपा आहे. बार होताना आतला दाब फक्त पुढे ढकलत नाही, मागेही ढकलतो. या काडतुसासाठी ठरवून दिलेली दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला २८,००० पौंड आहे. हा आकडा आजच्या मानाने मवाळ. हरणासाठी वापरतात त्या ३०-३० काडतुसाला ४२,००० चालतो आणि ३०-०६ला ६०,०००. पण ४५-७०चं बूड रुंद, अर्धा इंच व्यासाचं. दाब गुणिले क्षेत्रफळ केलं की बोल्टवर सुमारे अडीच टन जोर येतो. गंमत म्हणजे ३०-३०चं बूड अरुंद असल्यामुळे तिथे दाब दीडपट असूनही जोर जवळपास तेवढाच भरतो. जाड्या काडतुसाला कमी दाबावर समाधान मानावं लागतं, त्याला शरीररचनेचं हे एक कारण. दुसरं कारण ऐतिहासिक. १८७३च्या, वर झाकण उघडणाऱ्या ट्रॅपडोअर रायफली अजून लोकांच्या घरी आहेत आणि आजचं काडतूसही त्यांत आरामात बसतं. म्हणून कारखाने हात राखून दारू भरतात. घरी काडतुसं भरणाऱ्यांच्या पुस्तकांत मात्र या एकाच काडतुसासाठी तीन वेगळे तक्ते असतात, जुन्या रायफलींसाठी, लिव्हरवाल्यांसाठी आणि आणखी दणकट रायफलींसाठी. तिसऱ्या तक्त्यातलं काडतूस पहिल्या जातीच्या रायफलीत गेलं तर रायफल फुटू शकते. शेजारी आपल्या डब्यांवर लाल रंगाने रायफलीचं नाव लिहून ठेवतो. मला ते फार आवडलं.

आता भरणं. पेटीच्या उजव्या कुशीला स्प्रिंगची झडप आहे, तिच्यातून अंगठ्याने एकेक काडतूस आत रेटायचं. चार मावतात. शेवटचं आत जाताना झडप अंगठ्याला कचकन चावते. मग लिव्हर पूर्ण खाली. आधी अडसर उतरतो, मग बोल्ट मागे येतो, येताना रिकामी पुंगळी ओढून बाजूला फेकतो आणि घोडा मागे दाबून चढवतो. त्याच वेळी मॅगझिनमधलं काडतूस एका पाळण्यावर येतं. लिव्हर मिटला की पाळणा वर, काडतूस नळीत आणि अडसर जागेवर. हे सगळं एका हाताच्या एका हेलकाव्यात. फक्त संकोच चालत नाही. नवशिके लिव्हर पाऊणच उघडतात, मग पाळण्यावरचं काडतूस तिरकं होऊन अडकतं. माझंही पहिल्यांदा अडकलंच. मार्लिनची पुंगळी बाजूला पडते, पेटीचं छत बंद असतं. त्यामुळे वर दुर्बीण बसवता येते. जुन्या विंचेस्टर पुंगळ्या वर उडवायच्या, त्यांना दुर्बिणीचं वावडं.

काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात म्हटलं, त्याचा खरा परिणाम इथे येतो. प्रत्येक गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं असतं आणि त्या बुडाच्या बरोब्बर मध्यभागी टोपी असते, ठोका बसला की पेट घेणारी. आता बार झाला, रायफल झटक्याने मागे आली आणि नळीतली काडतुसं एकमेकांवर आपटली. गोळीचं टोक अणकुचीदार असेल तर ते पुढच्या टोपीवर खिळ्यासारखं बसेल आणि बार मॅगझिनमध्येच होईल, तोही नेमका जिथे आपला डावा हात असतो तिथे. म्हणून या रायफलींची गोळी बोथट, सपाट नाकाची.

१९०५च्या सुमारास जर्मनांनी टोकदार गोळी सैन्यात आणली आणि पाठोपाठ सगळं जग तिकडे वळलं. टोकदार गोळी हवा कापत जाते, बोथट गोळी हवेला रेटत जाते. इथे लिव्हरवाल्यांची गाडी चुकली. ब्राउनिंगने यावर उपाय आधीच काढून ठेवला होता. विंचेस्टरच्या १८९५च्या मॉडेलमध्ये त्याने खालची नळीच काढून टाकली आणि काडतुसं पोटाखालच्या खोक्यात एकावर एक रचली. रशियाने पहिल्या महायुद्धात अशा सुमारे तीन लाख रायफली घेतल्या. थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत सिंहांसाठी अशीच एक घेऊन गेले होते. तरीही शिकाऱ्यांचा जीव नळीवाल्या रायफलींतच राहिला. पोटाखाली खोकं लोंबत नाही, त्यामुळे मधोमध मुठीत धरून दिवसभर चालता येतं. अलीकडे, या शतकाच्या पहिल्या दशकात, हॉर्नडी कंपनीने रबरासारख्या मऊ टोकाची गोळी आणली. हवेला टोक, टोपीला उशी. साधी युक्ती, पण ती सुचायला शंभर वर्षं गेली.

मी मारत होतो ती मात्र जुन्या वळणाची, ४०५ ग्रेनची. सेकंदाला सुमारे ४०५ मीटर वेगाने निघणारी. आकडा योगायोगाने तोच. नळीच्या आत कोरलेल्या पेचदार खाचांमुळे ती अर्ध्या मीटरला एक गिरकी घेते, म्हणजे मिनिटाला ४८,०००. घरातला मिक्सर वीस हजारांच्या आत-बाहेर असतो. इतकं फिरूनही गुरुत्वाकर्षण तिला सूट देत नाही. १०० मीटर जायला साधारण पाव सेकंदाहून किंचित जास्त लागतो, तेवढ्यात ती ३५ सेंटिमीटर खाली आलेली असते. २०० मीटरला दीड मीटर. अंतर दुप्पट, पडणं चौपटीहून जास्त, कारण मधल्या वाटेत हवेने वेगही खाल्लेला. इथे कोलोरॅडोत हवा विरळ असल्यामुळे थोडी सवलत मिळते, समुद्रकाठी तेवढीही नाही. १०० मीटरसाठी नेम बसवून २०० मीटरवरच्या एल्कच्या खांद्यावर माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, धरली तर गोळी त्याच्या पायांतून निघून जाईल. म्हणून ही झाडीतली, जवळच्या अंतराची रायफल.

झाडीवरून आठवलं. जड गोळी काटक्या-कुटक्यांना जुमानत नाही, सरळ जाते, ही इथली लाडकी समजूत. ती खोटी आहे. फांदी कुठल्याही गोळीला वळवते. जड गोळीला कदाचित थोडं कमी, पण भरवसा ठेवावा इतकं नाही. दुसरी समजूत चित्रपटांतली, गोळी लागलेला प्राणी मागे उडतो. २६ ग्रॅम गुणिले ४०५ करा, सगळा संवेग ३०० किलोच्या एल्कला द्या. त्याला मिळणारा वेग सेकंदाला साडेतीन सेंटिमीटर. मुंगळा याहून जोरात पळतो. जनावर पडतं ते आत झालेल्या इजेमुळे. सपाट नाकाची जड गोळी सरळ आणि खोल जाते. अलास्कात अस्वलांच्या मुलखात हिंडणारे याच काडतुसाची आखूड नळीची रायफल खांद्याला लावतात ते त्यासाठी.

आणि दणका? शिकारीसाठीचं आजचं नेहमीचं काडतूस घ्या, २१ ग्रॅमची गोळी, सेकंदाला ६२५ मीटर. तिच्यामागोमाग जळलेल्या दारूचा वायू त्याहून वेगाने बाहेर पडतो, त्याचाही हिशेब धरावा लागतो. साडेतीन किलोची रायफल सेकंदाला सुमारे पाच मीटरने उलटी येते. हीच वस्तू सव्वा मीटरवरून खांद्यावर पडली तर जे होईल तेच. जुन्या रायफलींच्या दस्त्याला मागे चंद्रकोरीसारखी लोखंडी पट्टी असे, तिची दोन टोकं खांद्यात रुतत. रबरी गादी संवेग कमी करत नाही, तो थोड्या जास्त वेळात आणि जास्त जागेवर वाटून देते. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतो तसंच.

पण खांद्यापेक्षा मेंदू आधी शिकतो. सहाव्या-सातव्या बारानंतर माझ्या गोळ्या लक्ष्याच्या खाली लागायला लागल्या. शेजाऱ्याने पुढची भरणी स्वतः केली आणि रायफल दिली. दोन बार झाले. तिसऱ्यांदा चाप ओढला, घोडा खट्‌कन पडला, आवाज नाही, आणि नळीचं तोंड चांगलं वीतभर खाली गेलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं! त्याने मध्ये एक नकली काडतूस सरकवलं होतं. दणका यायच्या आधीच मी त्याला उत्तर देत होतो. तो हसला नाही, नुसतं कानावरचं संरक्षण नीट बसवायला सांगितलं. अर्धा दचका आवाजाचा असतो, आणि १४० डेसिबलच्या वरचा आवाज एका बारातही कानाला कायमचं नुकसान करू शकतो.

विंचेस्टरची ती दणकट रायफल ज्या १८८६ साली आली, त्याच वर्षी स्मिथसोनियन संस्थेचे विल्यम हॉर्नडे मॉन्टानात गेले होते. कोट्यवधींनी असलेले बायसन संपत आलेत, निदान संग्रहालयासाठी तरी काही नमुने मिळावेत म्हणून. बायसन संपवले ते आधीच्या एकबारी रायफलींनी, आणि आगगाड्यांनी, आणि कातड्यांच्या बाजाराने. पण त्यांतल्या कित्येक रायफलींत हेच ४५-७० होतं. आपल्याकडे १९७२च्या कायद्यापासून शिकारीवर बंदी येत गेली. इथे परवाने आणि ठरावीक हंगाम यांवर चालते, आणि शेजारी दर शरद ऋतूत एल्कसाठी निघतो, मिळाला तर मांस फ्रीझरमध्ये भरतो. बहुतेक वर्षी मात्र रिकाम्या हातानेच येतो.

शेवटची पाच काडतुसं त्याने काळ्या दारूची आणली होती, घरी भरलेली. बाराचा आवाज निराळा, फुटण्यापेक्षा ढकलल्यासारखा. समोर पांढऱ्या धुराची भिंत, लक्ष्य दिसेना. काळ्या दारूचं निम्म्याहून जास्त वजन वायू न होता क्षारांच्या रूपाने उरतं, तोच हा धूर. आणि तो वास. सोरा, कोळसा, गंधक. कोकणात आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, भाताच्या दिवसांत रानडुकरांसाठी काढायचे. पंचवीस वर्षांत तो वास नाकात आला नव्हता.

हे क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि रात्रीत नळी गंजवतात, म्हणून त्याच दिवशी धुवावी लागते, तीही पाण्याने. तेलात ते विरघळत नाहीत. मार्लिनचा एक स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट हातात येतात. शेजाऱ्याने आधीच बजावलं होतं, तरी पुंगळी फेकणारी ती एवढीशी पट्टी टेबलाखाली पडलीच; गुडघ्यावर बसून शोधली. थर्मासमधलं गरम पाणी मागच्या बाजूने नळीत ओतलं. आजोबा चुलीवरचं ओतायचे. तीनदा काळं आलं, चौथ्यांदा स्वच्छ. मग कोरडं फडकं, मग तेल.