मनी प्लांट की फिलोडेंड्रॉन? रंग नको, वेलाचे टोक बघा

हिरवा मनी प्लांट आणि हृदयाच्या आकाराच्या पानांचा फिलोडेंड्रॉन (आपल्या नर्सरीत बहुतेकदा ‘ऑक्सिकार्डियम’ नावाने मिळतो) शेजारी टांगलेले असले की भलेभले फसतात. रंगावरून तर ठरवूच नये. पिवळे शिंतोडे दिसले की मनी प्लांट, हा समज टिकत नाही. अख्खा पोपटी मनी प्लांट मिळतो, तसाच अख्खा पोपटी फिलोडेंड्रॉनही मिळतो, आणि ‘ब्राझील’ जातीच्या फिलोडेंड्रॉनवर पिवळट पट्टे असतात.

खात्रीची खूण वेलाच्या वाढत्या टोकाशी असते. फिलोडेंड्रॉनचे नवे पान एका पातळ, सुट्या आवरणात गुंडाळलेले येते. पान उलगडले की हे आवरण काही दिवस पेरापाशी (पान फुटते त्या गाठीपाशी) राहते, तपकिरी होऊन सुकते आणि गळून पडते. मनी प्लांटला असे सुटे आवरण नसते. त्याचे नवे पान सुरळी होऊन थेट आधीच्या पानाच्या देठातून बाहेर पडते.

टोक खुडलेले असेल तर देठ दोन बोटांत धरून फिरवा. मनी प्लांटच्या देठाला वरच्या बाजूने पन्हळीसारखी खाच लागते. पाने जुनी झाली की त्या खाचेच्या कडांना सुकलेला तपकिरी पापुद्रा दिसतो, आणि देठ पानाला जुळतो तिथे किंचित फुगीर सांधा असतो. फिलोडेंड्रॉनचा देठ बारीक आणि जवळजवळ गोल असतो. हवाई मुळेही वेगळी: मनी प्लांटच्या पेराशी बहुधा एकच जाड, आखूड बोंड, तर फिलोडेंड्रॉनच्या पेराशी बारीक मुळांचा झुबका. हे कोरड्या वेलावरच तपासावे. पाण्यात ठेवलेल्या फांदीची मुळे लांब वाढून दोन्ही सारखी दिसू लागतात.

पानाकडे सर्वांत शेवटी वळावे. मनी प्लांटचे पान जाड, मेणचट आणि हाताला किंचित उंचसखल लागते. मधल्या शिरेच्या दोन बाजू सहसा असमान असतात. फिलोडेंड्रॉनचे पान पातळ आणि मऊ असते. देठाशी त्याची खाच खोल, टोक लांब निमुळते.

खरा फरक पडतो तो वेल उभा चढू लागल्यावर. मनी प्लांट मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाचा. झाडावर चढला की त्याचे खोड मनगटासारखे जाड होते, पाने मीटरभर लांब होऊ शकतात आणि कडांपासून चिरत जातात. कोकणातल्या बागेत आंब्यावर चढलेला असा वेल पाहून अनेकांना ती मॉन्स्टेरा (मोठ्या, चिरलेल्या पानांची दुसरी वेल) वाटते. फिलोडेंड्रॉन मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या जंगलांतला. त्याची पानेही चढल्यावर मोठी होतात, पण अखंड राहतात.

मनी प्लांटला फुले जवळजवळ येतच नाहीत, कारण फुलोऱ्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक त्याच्यात पुरेसे तयार होत नाही. म्हणून तो बियांशिवाय, नुसत्या तुकड्यांनी पसरतो, आणि तेही जोमाने: श्रीलंका आणि हवाईत तो जंगलात घुसलेला आहे. छाटलेले तुकडे ओढ्याकाठी किंवा रानात टाकू नयेत, हे आमचे ठाम मत.

कटिंगची रीत मात्र दोघांची एकच. दोन पेरांचा तुकडा घ्या, खालच्या पेराच्या साधारण एक सेंटिमीटर खाली कापा, त्या पेराचे पान काढा आणि फक्त पेर पाण्यात बुडवा. पान बुडाले की ते कुजते आणि पाणी नासते. आठवड्याला पाणी बदला. मुळे चार-पाच सेंटिमीटर झाली की मातीत लावा; फार उशीर केला तर पाण्यात वाढलेली मुळे मातीत नीट रुळत नाहीत. नुसते पान आणि देठ लावला तर कधी मुळे फुटतात, पण वेल होत नाही, कारण कोंब फुटणारा डोळा पेरातच असतो.

हे दोन्ही वेल अळूच्या कुळातले. कच्चे अळू घशाला खाजते ते ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, त्या यांच्यातही असतात. पान चावले तर तोंड भाजते, लाळ गळते, ओठ आणि जीभ सुजते. रांगते मूल, मांजर किंवा कुत्रा घरात असेल तर कुंडी त्यांच्या तोंडापासून दूर टांगा. ज्यांची त्वचा खाजते त्यांनी छाटताना हातमोजे घालावेत, आणि कात्री लगेच धुवावी.