मालकांनी दाखवलेला कारखाना

रोजची वस्तू कशी बनते हे दाखवणाऱ्या अमेरिकी टीव्हीफिल्म पाहताना मन रमतं. पण त्यांचं मूळ आहे मालक-कामगार झगड्यात.

१९३६ साली जनरल मोटर्सच्या शेवरोले मोटारींसाठी जॅम हँडी यांच्या फिल्म कंपनीने ‘मास्टर हँड्स’ ही फिल्म काढली. मिशिगनमधल्या फ्लिंटचा मोटार कारखाना, ओतकामापासून जुळणीपर्यंत. निवेदन जवळजवळ नाही, मागे वाद्यवृंद आणि समोर कामगारांचे हात. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला फ्लिंटचे कामगार यंत्रांपाशीच ठिय्या देऊन बसले. ४४ दिवसांनी जनरल मोटर्सला युनियन मान्य करावी लागली.

युद्ध संपताच, १९४५-४६ मध्ये, संपांची मोठी लाट आली. लोकमत आपल्या बाजूला हवं, ही कारखानदारांची निकड होती. १८९५ पासूनच्या त्यांच्या संघटनेने, नॅशनल असोसिएशन ऑफ मॅन्युफॅक्चरर्सने, १९५० मध्ये ‘इंडस्ट्री ऑन परेड’ सुरू केलं. साधारण पाव तासाची ही साप्ताहिक मालिका टीव्ही स्टेशनांना फुकट मिळे आणि ती १९६० पर्यंत चालली. वेळही अचूक साधली होती. नव्या स्टेशनांचे परवाने १९४८ पासून थांबलेले होते. १९५२ मध्ये ते खुले झाले, स्टेशनं भराभर वाढली आणि दिवसभर दाखवायचं काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला.

यंत्रंही अशी, की कॅमेऱ्याने त्यांच्यासमोरून हलूच नये. कॉर्निंग या काच कंपनीचं १९२६ सालचं बल्बचं यंत्र बघा. वितळलेल्या काचेची पट्टी भोकं असलेल्या पट्ट्यावरून सरकते. प्रत्येक भोकाशी काच स्वतःच्या वजनाने खाली लोंबते, वरून हवेची फुंकर बसते, खालून साचा येऊन मिटतो आणि बल्ब तयार. मिनिटाला शेकडो! हे बघून कुणाचंही भान हरपेल, आणि मालकांना तेच हवं होतं: कारखाना म्हणजे सुबत्ता, संघर्ष नव्हे.

पण तेवढ्यामुळे या फिल्म टाकाऊ ठरत नाहीत. उलट, त्या काळचं काम कसं चाले याची इतकी जवळून नोंद क्वचितच सापडते. ‘इंडस्ट्री ऑन परेड’चा संग्रह आज स्मिथसोनियनच्या अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे. रिक प्रेलिंजर यांनी १९८२ पासून जमवलेला अशा फिल्मचा ठेवा २००२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला. एरवी ही रिळं एकदा दाखवून झाली की कचऱ्यातच जायची.