कादंबरीशी प्रामाणिक, तरीही निष्प्रभ : ‘द शायनिंग’च्या लघुमालिकेची पार्श्वभूमी

एप्रिल १९९७ च्या अखेरीस अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर ‘द शायनिंग’ ही तीन भागांची लघुमालिका सुरू झाली. पटकथा मूळ भयकादंबरीचे अमेरिकी लेखक स्टीफन किंग यांचीच होती आणि चित्रीकरणही कथेला जन्म देणाऱ्या हॉटेलातच झाले होते. इतके जुळून येऊनही ती का फसली, हे समजण्यासाठी दोन दशके मागे जावे लागते.

१९७४ मध्ये किंग पत्नीसह कोलोरॅडोतील एस्टेस पार्क येथील स्टॅन्ली हॉटेलात २१७ क्रमांकाच्या खोलीत उतरले. हॉटेल हंगामापुरते बंद होण्याच्या बेतात होते आणि त्या रात्री तेथे दुसरे पाहुणे नव्हते. या मुक्कामातून १९७७ ची कादंबरी आकाराला आली. हिवाळ्यात ओस पडलेल्या हॉटेलची राखण करायला आलेला जॅक टॉरेन्स हा मुलावर मनापासून प्रेम करणारा, दारू सोडू पाहणारा, पण पूर्वी रागाच्या भरात त्याच मुलाचा हात मोडून बसलेला बाप आहे. या पात्रामागे स्वतःचे व्यसन होते, हे किंग यांनी पुढे उघडपणे सांगितले. म्हणूनच त्यांच्या लेखी हॉटेलातील भुतांइतकेच या माणसाचे हळूहळू ढासळणे महत्त्वाचे होते.

दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक यांनी याच कादंबरीवरील १९८० च्या चित्रपटासाठी किंग यांचा पटकथेचा खर्डा बाजूला ठेवला आणि कादंबरीकार डायेन जॉन्सन यांच्यासह नवी पटकथा लिहिली. कादंबरीच्या शेवटी हॉटेल नष्ट करणाऱ्या बॉयलरच्या स्फोटाऐवजी गोठवणारी थंडी आली, आणि झुडपे कातरून केलेल्या, जिवंत होणाऱ्या प्राण्यांच्या जागी कुंपणांचा चक्रव्यूह आला. ओरेगॉनमधील ज्या टिंबरलाइन लॉजचा बाह्यभाग पडद्यावर दिसतो, त्याच्या व्यवस्थापनाच्या विनंतीवरून २१७ ची खोली २३७ झाली. किंग यांचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा होता : जॅक निकल्सन यांचा नायक पहिल्या प्रसंगापासूनच भ्रमिष्ट वाटतो, मग त्याचे अधःपतन दिसणार कोठून? हा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. चित्रपटाचे प्रारंभीचे स्वागतही थंडच होते. निकृष्ट कामगिरीसाठीच्या रॅझी पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी क्युब्रिक यांना नामांकन मिळाले. त्याची आजची प्रतिष्ठा पुढच्या काळात वाढत गेली.

दरम्यान किंग यांच्या कथांना दूरचित्रवाणीवर हक्काची जागा मिळाली होती. ‘सेलम्स लॉट’ (१९७९), ‘इट’ (१९९०) आणि मिक गॅरिस यांनी दिग्दर्शित केलेली, चार रात्री चाललेली ‘द स्टँड’ (१९९४) या लघुमालिकांनी मोठा प्रेक्षकवर्ग मिळवला. त्या यशाच्या बळावर ‘द शायनिंग’ पुन्हा उभी राहिली, पुन्हा गॅरिस यांच्याच हाती. २१७ क्रमांकाची खोली परतली, बॉयलर परतला, जॅकच्या हाती चित्रपटातील कुऱ्हाडीऐवजी मूळचा लाकडी हातोडा आला.

स्टीव्हन वेबर यांचा जॅक खरोखर पायरी पायरीने घसरतो, आणि हे या मालिकेचे निर्विवाद यश आहे. पण कादंबरीत मनात चालणारी घालमेल येथे संवादांतून बोलून दाखवली जाते, आणि साडेचार तासांच्या विस्तारात ती पुन्हा पुन्हा ऐकावी लागते. जाहिरातींच्या विरामांमुळे प्रत्येक प्रसंगाला ठरावीक अंतराने टोक गाठावे लागते, त्यामुळे दबा धरून बसलेली भीती साचू शकत नाही. त्या काळच्या संगणकीय चित्रणाने हलवलेले झुडपांचे प्राणी तर अगदीच केविलवाणे दिसतात. वाचताना त्यांचा धाक वाटतो, कारण पाठ वळली की ते सरकतात आणि आपण त्यांना सरकताना पाहत नाही. शेवटी जॅकचा मुलगा डॅनी याच्या पदवीदान समारंभात वडिलांचे दर्शन घडवून शोकांतिकेवर भाबडेपणाचा लेप चढवला आहे. रंगभूषा आणि ध्वनिसंकलनासाठी मालिकेला दूरचित्रवाणीसाठीचे एमी पुरस्कार मिळाले, तेव्हाची काही परीक्षणेही अनुकूल होती. परंतु भयकथेला जी अस्वस्थता हवी, ती येथे क्वचितच जाणवते.

किंग यांनी २०१३ मध्ये ‘डॉक्टर स्लीप’ ही पुढची कादंबरी लिहिली आणि २०१९ मध्ये माइक फ्लॅनगन यांनी तिच्यावर चित्रपट केला. त्यात जुने हॉटेल पुन्हा उभारताना त्यांनी क्युब्रिक यांच्या चित्रपटातील दालने आणि गालिचे बारकाईने साकारले, आणि शेवट मात्र किंग यांच्या मूळ कादंबरीतील बॉयलरच्या आगीने केला. किंग यांनाही तो चित्रपट आवडला.